पोळी अडते, चिवडा जातो

गव्हाची गरम, मऊ, तूप लावलेली पोळी माझ्या छातीशी अडते. नाशिकचा पातळ पोह्यांचा चिवडा मात्र बशीभर खाल्ला तरी सुरळीत खाली उतरतो. जठराला पट्टा बसवून घेतल्यावर खाणं कसं असतं, असं कोणी विचारलं की मी आताशा एवढंच सांगते. ऐकणारा गोंधळतो. वजन उतरावं म्हणून पोटात बसवलेल्या वस्तूने चिवड्याला अडवावं आणि पोळीला जाऊ द्यावं, एवढी अपेक्षा तर रास्तच आहे. पण पट्ट्याला चिकट आणि सुटसुटीत, घट्ट आणि पातळ एवढंच कळतं. तळलेलं, गोड, तुपातलं यातलं त्याला काही कळत नाही.

२०१२ साली मी तो बसवून घेतला. तेव्हा चाळिशी आली होती, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, अडतीसच्या पुढे होता, मधुमेहाच्या गोळ्या सुरू होत्या आणि बँकेच्या पायऱ्या उतरताना कठडा धरावा लागायचा. आपल्या लोकांमध्ये चरबी पोटाभोवती जास्त साठते आणि कमी वजनातच साखर-रक्तदाब सुरू होतात, म्हणून शस्त्रक्रियेची रेषा तेव्हा आपल्याकडे पाश्चात्त्यांपेक्षा खाली धरत: बीएमआय ३७.५, आणि मधुमेहासारखा आजार सोबत असेल तर ३२.५. मी दोन्ही रेषा केव्हाच ओलांडल्या होत्या. विम्यातून मात्र दमडी मिळाली नाही. लठ्ठपणावरचे उपचार तेव्हा बहुतेक पॉलिस्यांमधून सरसकट वगळलेले असत. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये या वगळणुकींची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. आता बीएमआय ४० असेल, किंवा ३५ आणि जोडीला ठरावीक गंभीर आजार असतील, तर खर्च मागता येतो. आम्ही मात्र मुदतठेव मोडली. नवरा तेव्हा काही बोलला नाही. नंतरही बोलला नाही, हे त्याच्या नावावर जमा.

पट्टा असतो तरी कसा, हे थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथून जरासं खाली, दुर्बिणीतून सिलिकॉनचं एक कडं घालतात. कड्याच्या आतल्या अंगाला फुगा असतो. फुग्यातून एक बारीक नळी निघते आणि पोटाच्या कातडीखाली, स्नायूला टाके घालून बसवलेल्या छोट्या डबीला जाऊन मिळते. तिला पोर्ट म्हणतात. पोर्टमध्ये बाहेरून सुई घालून सलाइन भरलं की कडं आवळतं, काढून घेतलं की सैल पडतं. कड्याच्या वर जो कप्पा उरतो तो पंधरा ते तीस मिलिलिटरचा, म्हणजे पोह्याचे एक-दोन चमचे. दुर्बिणीतून असा कमी-जास्त आवळता येणारा पट्टा पहिल्यांदा बसवला तो बेल्जियममध्ये, १९९३ साली. अमेरिकेत त्याला २००१ मध्ये परवानगी मिळाली. जठर कापत नाहीत, आतड्याला हात लावत नाहीत, नको झाला तर काढता येतो. कर्जविभागात वर्षं काढलेल्या बाईला ‘परत फिरवता येतं’ हे शब्द फार धीर देतात. मी त्याच शब्दांवर सही केली.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले आठवडे कंटाळवाणे होते, त्यावर लिहिण्यासारखं फार नाही. आधी नुसतं पाणी, नारळपाणी, वरणावरचं पाणी. मग ताक, गाळलेली सूपं, नागलीची पातळ पेज. मग सगळं मिक्सरमधून. सासूबाईंनी मिक्सरच्या भांड्यात मुगाची खिचडी फिरताना पाहिली आणि तोंड फिरवून देवघरात गेल्या. गंमत म्हणजे त्या दिवसांत भूक फारशी लागतच नाही. आतली सूज असते, तीच अर्धं काम करते. सूज उतरली की साधारण महिना-दीड महिन्याने भूक परत येते, पहिल्यासारखी, आणि तेव्हा पहिल्यांदा पट्टा भरतात.

आम्ही त्याला ‘फिल’ म्हणतो. माझं रुग्णालय मुंबईत होतं, त्यामुळे फिल म्हणजे सकाळी नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेस आणि रात्री पंचवटीनेच परत. तिथे एक्स-रेच्या पडद्यासमोर उभं करून बेरियमचं पांढरं, खडूसारखं पाणी प्यायला देतात. घोट कड्यापाशी येतो, क्षणभर थबकतो, बारीक धार होऊन खाली जातो. धार फार जाड असली तर आणखी सलाइन भरतात, फार बारीक झाली तर थोडं काढून घेतात. स्वतःचा घोट स्वतःच्या आतून खाली जाताना पाहायला मिळणं ही चीज मला अजून विलक्षण वाटते. फिलच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पातळच प्यायचं. आणि त्याच दिवशी संध्याकाळी पंचवटीत बसायचं! ज्यांनी त्या गाडीने प्रवास केलाय त्यांना सांगायला नको. पासधारकांचे ग्रुप वर्षानुवर्षांचे, कोणाचा तरी वाढदिवस असतोच, डबे उघडतात, ढोकळा फिरतो, आणि घाट चढून इगतपुरी आली की वड्याचा वास डब्यात शिरतो. समोरच्या काकांनी कागदात दोन वडे, मिरची बांधून घेतली आणि त्यातला एक माझ्यापुढे धरला. ‘‘घ्या ताई, नाशिक यायला वेळ आहे अजून.’’ मी बाटलीतलं ताक दाखवलं. त्यांना वाटलं, उपवास. मी वाटू दिलं. पुढेही अनेक ठिकाणी वाटू दिलं. आपल्याकडे उपवासाइतकं सोयीचं कारण दुसरं नाही. त्यावर कोणी उलटतपासणी करत नाही.

अडकणं म्हणजे काय, हे पट्टा नसलेल्या माणसाला सांगणं अवघड आहे. ते ओकारी येणं नव्हे. पोळीचा घास तोंडात कितीही चावला तरी गव्हातल्या चिकाने त्याचा पुन्हा गोळा होतो, आणि मग नरसाळ्यात कणीक टाकल्यावर होईल तसंच होतं. छातीच्या हाडामागे दाब येतो. तो वाढतो. मग तोंडाला फेसाळ, दाट लाळ सुटते. शरीर अडकलेल्या घासाला बुळबुळीत करून ढकलायला बघतं. लाळही खाली जाऊ शकत नाही, म्हणून तीच वर येते. पाणी प्यावंसं वाटतं आणि नेमकं तेच करायचं नसतं, कारण पाण्यालाही वाट नाही. उठायचं, फिरायचं, वाट बघायची. कधी घास खाली सरकतो, कधी जसाच्या तसा, आंबटपणाचा मागमूस नसलेला, बाहेर येतो; जठरापर्यंत तो पोचलेलाच नसतो. हे वारंवार झालं तर कड्याखालचं जठर वर सरकू शकतं, पट्टा घसरतो आणि पुन्हा टेबलावर जायची वेळ येते. म्हणून सोसून घ्यायची ही गोष्ट नाही.

सिडकोतल्या एका बारशाला हे माझ्यावर गुदरलं. पाळणा व्हायच्या आत मी त्यांच्या मोरीत. बाहेर बायका आपसात हसून कुजबुजल्या की ‘‘हिलाच आता डोहाळे लागलेत की काय.’’ त्या वयात तो एक प्रकारे गौरवच होता.

शरीर आधी सूचना देतं, हे मात्र हळूहळू कळतं. कोणाला एक उचकी लागते, कोणाला शिंक येते, कोणाचं नाक गळायला लागतं. मला खोल सुस्कारा येतो. तो सुस्कारा आला की तो घास शेवटचा. पानात काय उरलंय, ते किती चांगलं झालंय, कोणी केलंय, हे त्यानंतर बघायचं नाही. यात न समजण्यासारखं काही नाही, तरी अंगवळणी पडायला मला कितीतरी काळ लागला. कारण तोवर आयुष्यभर माझं जेवण संपलं की नाही हे पोट सांगत नव्हतं, ताट सांगत होतं.

आता खाण्याचं. पोळी गेली, पण भाकरी राहिली, आणि माझ्या माहेरच्या निफाडच्या माणसांना यात आनंद झाला. बाजरी-ज्वारीत गव्हासारखा चिक नसतो, भाकरी चावली की तिचा चुरा होतो आणि चुरा सुखाने जातो. त्यातही ताजी फुगलेली नव्हे, रात्रीची, कडक झालेली, आमटीत कुस्करलेली. ताजा पाव अजिबात नाही. कडक टोस्ट चालतो. भात फडफडीत असला तर टोचतो, इंद्रायणी असला तर चिकटतो. मऊ भात आणि भरपूर वरण यांचं जमतं. साबुदाणा तर वैरी. सायंताराचा साबुदाणा वडा हे ज्या गावात जन्माला आल्याचं एक कारण मानलं जातं, तिथे राहून हे लिहिताना बरं वाटत नाही. पण उपवासाला आमच्याकडे भगर असते. नाशकात भगरीच्या गिरण्या आहेत, ताजी भगर मिळते, आणि मऊ शिजवलेली भगर व शेंगदाण्याची पातळ आमटी हे पट्टेवाल्यांसाठी मुद्दाम कोणी शोधून काढल्यासारखं जेवण आहे. महाशिवरात्र आणि आषाढी हे माझे हक्काचे दिवस झाले. त्या दिवशी पंगतीत मी सगळ्यांबरोबर, सगळ्यांचंच खाते.

द्राक्षांची गंमत वेगळी. फेब्रुवारी-मार्चमध्ये भावाकडे बागेची काढणी चालू असते. पेटी भरण्याआधी मण्यांची छाटणी होते, तिथे बसून मूठमूठ द्राक्षं खात आम्ही मोठे झालो. द्राक्षाचा गर जातो, साल राहते. संत्र्याच्या पाकळीवरची पातळ कातडीही तशीच. मी चोखून साल बाजूला ठेवते. माझ्या भावाने आयुष्यात पहिल्यांदा कोणाला द्राक्ष सोलताना पाहिलं आणि तो म्हणाला, ‘‘अक्का, हे एक्स्पोर्टवाल्यांना सांगू नको, नाहीतर उद्या सोलून मागतील.’’

सकाळी पट्टा जास्त घट्ट वाटतो. का, याचं नक्की उत्तर डॉक्टरांनीही दिलं नाही, पण पट्टेवाले झाडून सगळे हेच सांगतात. म्हणून सकाळी आधी गरम चहा, बऱ्याच वेळाने काही खाणं. पोहे सकाळी नकोत. अंडं चालतं, पण बुर्जी मऊ असली तर. दिवसाला साठेक ग्रॅम प्रथिनं पोटात जावीत असं आहारतज्ज्ञ बाईंनी बजावलं होतं. एका अंड्यात सहा, वाटीभर वरणात सात-आठ, पनीरच्या शंभर ग्रॅममध्ये अठराच्या आसपास. पोटात जागा एवढीशी आणि हिशेब एवढा मोठा, त्यामुळे आधी डाळ-अंडं-पनीर, मग भाजी, आणि उरलीच जागा तर भाकरी. शाकाहारी मराठी ताटात हे सगळं उलटं असतं. पोळी-भात हे जेवण आणि बाकी सगळं त्याला लावून खायचं. तोंडी लावणं हेच माझं जेवण झालं. मधुमेहाच्या जाडजूड गोळ्या त्या काळात अर्ध्या करून घेत असे. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. सोडा, कोल्ड्रिंक कायमचं बंद.

आणि ज्याला वाटच मोकळी आहे, त्याचं काय? आमरस जातो. बासुंदी जाते, श्रीखंड जातं, कोजागिरीचं मसाला दूध ग्लासामागून ग्लास जातं. आइस्क्रीम तर वाटही बघत नाही. कुरकुरीत तळलेलं चावताक्षणी विरतं, म्हणून शेव, चिवडा, वेफर्स सगळं जातं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताटात पुरणपोळी आणि वाटीत रस असतो, त्यातली पुरणपोळी अडते आणि रस अमर्याद. मुंबईच्या त्या रुग्णालयात बाकावर एक संगमनेरच्या बाई भेटायच्या. पट्टा इतका आवळलेला की पोळी, भाकरी, भाजी काही जायचं नाही, आणि वजन तरी वाढत होतं. दिवसभर दुधात बुडवलेली बिस्किटं, लस्सी आणि खीर. ‘‘मला काही जातच नाही हो,’’ त्या सांगायच्या, आणि ते खरंच होतं. डॉक्टरांनी आणखी आवळायचं सोडून उलट त्यांचं सलाइन काढलं. सैल केल्यावर भाजी-भाकरी जायला लागली आणि वजन उतरायला लागलं. जास्त आवळला की माणूस मऊ-गोडाकडे वळतो, हे या पट्ट्याचं मोठं वैगुण्य, आणि ते डॉक्टरांना माहीत असतं. जास्त घट्ट म्हणजे जास्त चांगला, हा समज आपल्या बाजूचा. पट्ट्याने सरासरी जास्तीच्या वजनापैकी निम्म्याच्या आसपास उतरतं असं तेव्हा सांगत. त्यातलंही किती उतरेल ते पट्ट्याला जे कळत नाही ते आपल्याला किती कळतं यावर.

माझ्या बाबतीत खरी उलथापालथ झाली ती स्वयंपाकघरात, आणि ती कोणी आधी सांगितली नव्हती. शस्त्रक्रियेआधी आहारतज्ज्ञ बाईंनी मला दिवसाचं खाणं लिहून आणायला सांगितलं होतं. मी लिहिलं: दोन पोळ्या, भाजी, वाटीभर वरण-भात. खोटं नव्हतं. ताटावर बसून मी एवढंच खात होते. बाकीचं मी उभ्याने खात होते. मुलाच्या डब्यात उरलेली अर्धी पोळी. पातेल्याच्या बुडाची खिचडी, दुसऱ्या दिवसासाठी ठेवायला कमी आणि टाकायला जास्त. सकाळचा घावन, एकच राहिलाय, कोण खाणार. लाडू वळताना फुटलेला लाडू. नवऱ्याने पानात ठेवलेली उसळ, कारण त्याला मीटिंग. अन्न टाकायचं नाही, ही आमच्या घरची शिस्त, आणि ती पाळण्याचं काम घरातल्या एका माणसाच्या पोटाकडे दिलेलं होतं. कोणी दिलं नव्हतं तसं. ते आपोआप त्या घरातल्या बाईकडे जातं. सासूबाईंनी तेच केलं होतं, माझ्या आईने तेच.

पट्टा हे उभ्याचं खाणं चालू देत नाही. त्याला बसावं लागतं. घास लहान, वीस-पंचवीस वेळा चावलेला, एक घास उतरला की मग दुसरा. आतली स्नायूंची लाट प्रत्येक घासाला चार-सहा वेळा ढकलून त्या अरुंद वाटेतून पलीकडे नेते, त्याला मिनिटभर तरी लागतं. कड्यावर येणाऱ्या त्या दाबानेच मेंदूला ‘पुरे’चा निरोप जातो. घाईघाईत गिळलेला घास निरोप न देताच अडकतो. म्हणजे बसून, सावकाश, एकाच वेळी, गरम असताना. घरातल्या बाईचं जेवण असं होऊ द्यायचं तर पोळ्या कोण लाटणार?

पहिले महिने मी सगळ्यांचं झाल्यावर एकटी बसायचे. मग एकदा सासूबाईंनी माझं पान आधी घेतलं. वाटीत वरण, चमचाभर भाजी, भाकरीचा चतकोर. ‘‘तू बस आधी. तुला वेळ लागतो,’’ म्हणाल्या, आणि तव्याकडे वळल्या. जणू नेहमीचीच गोष्ट. त्या सटाण्याच्या, सात माणसांच्या घरात सगळ्यांच्या मागून जेवलेल्या. मी पहिली बसून शेवटी उठते, हे आता घरात कोणाच्या लक्षातही येत नाही. आणि उरलेलं? सुरुवातीला ते डब्यांमध्ये साठलं, फ्रिज भरला, कुबट वास आला, चिडचिड झाली. मग कणीक कमी भिजू लागली. घरात महिन्याचं गव्हाचं दळण घटलं. एवढी वर्षं आम्ही सगळे मिळून एका जास्तीच्या माणसाचा स्वयंपाक करत होतो आणि ते जास्तीचं माणूस मी होते!

बाहेरच्यांचं प्रकरण घरच्यांपेक्षा कठीण. आपल्याकडे आग्रह हा मुळी माणसाशी बोलण्याचा एक प्रकार आहे. नको म्हटलं की ऐकणाऱ्याला लागतं. लग्नाच्या पंगतीत जिलबी घेऊन आलेल्या यजमानांना जठर, कडं, सलाइन समजावून सांगणार कुठे? मी एक युक्ती धरली. पानात काही ना काही दिसेल असं ठेवायचं. मोकळं पान बघून वाढपी येतो, भरलेलं बघून पुढे जातो. मठ्ठा मागून घ्यायचा. हातात ग्लास असला की माणूस जेवतोय असं दिसतं. बँकेत डबा खाताना मैत्रिणींना खरं सांगितलं होतं. त्यांनी फार विचारलं नाही, पण एकीने तोंडावर म्हटलं, ‘‘म्हणजे शॉर्टकट घेतलास.’’ तिच्या मनात वाईट नव्हतं. मला मात्र राग आला, अजून येतो. मोरीत उभं राहून स्वतःची लाळ थुंकत असताना हा रस्ता कोणत्या बाजूने जवळचा, ते तिने दाखवून द्यावं. हल्ली तीच मैत्रीण वजन उतरवणाऱ्या त्या नव्या इंजेक्शनांविषयी विचारत असते. २०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोव्ही भारतात आली तेव्हापासून माझ्याकडे असे फोन वाढलेत, जणू वजनाच्या खात्याची मी शाखाधिकारी. मी सगळ्यांना डॉक्टरांकडे पाठवते.

पट्ट्याचे दिवस तसे संपले आहेत. आता बहुतेक ठिकाणी स्लीव्ह करतात, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून उरलेल्याची नळी ठेवतात, किंवा बायपास. जगभर जितके पट्टे बसले त्यातले बरेच पुढे काढावे लागले: कोणाचा घसरला, कोणाचा जठराच्या भिंतीत रुतला, कोणाला रात्री झोपेत घशाशी येऊ लागलं, कोणाचं वजनच उतरलं नाही. माझा अजून आहे. वर्षाकाठी एकदा बेरियम पिऊन दाखवते, धार बघते. साखरेची औषधं कमी झाली, वजन बऱ्यापैकी उतरलं, मग थोडं वाढलं, मग थांबलं. डॉक्टर म्हणतात, त्रास होईल तेव्हा काढू, आता आवळण्याच्या मागे लागू नका. सलाइन त्यांनी मागेच थोडं कमी केलंय. सैल पट्ट्यावरही मी तशीच जेवते, सुस्काऱ्याची वाट बघत. नवऱ्याला वाटतं की मी नाटक करते.

रविवारी आम्ही मिसळीला जातो. गंगापूर रोडने धरणाकडे निघालं की एकापाठोपाठ एक मिसळीच्या जागा लागतात, द्राक्षाच्या मांडवाशेजारी बाकं टाकलेल्या, चुलीच्या धुराच्या. मिसळ मला चालते, उलट मानवते. मोड आलेली मटकी म्हणजे प्रथिनं, रश्शात भिजलेली शेव मऊ होते, दही बरोबर असतंच. मी सांगते: मटकी जास्त, तर्री वेगळी, पापड चालेल, पाव नको. पोऱ्या ऐकून घेतो आणि दोन पाव आणतोच. पहिल्यांदा मी गल्ल्यावर जाऊन विचारलं, पावाचे पैसे कमी होतील का. मालक म्हणाले, ‘‘ताई, मिसळ म्हटली की पाव आला. खाणं न खाणं तुमच्याकडे.’’ मग ते दोन पाव नवरा खायला लागला, स्वतःचे झाल्यावर, माझ्या रश्शात बुडवून, अन्न टाकू नये म्हणून. गेल्या तपासणीत त्याची जेवणानंतरची साखर १८० च्या वर निघाली. आता पाव ताटलीतून उचलून पोऱ्याच्या हातात परत द्यायचे असं आमचं ठरलं आहे, आणि पोऱ्याला ते अजून पटलेलं नाही.